उजवा पाय आणि दोन टन

'सहाशे हॉर्सपॉवरची इलेक्ट्रिक गाडी घेऊन दीड महिना झाला. त्याआधी बारा वर्षं साधी पेट्रोल गाडी चालवली, एकही अपघात नाही. गेल्या रविवारी मोकळ्या महामार्गावर एका ट्रकला ओव्हरटेक केलं आणि नजर आकड्यावर गेली तर १६८! मला वाटत होतं, फार तर ११० असेल. शेजारी बायको होती. ती तेव्हा काही बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "ही गाडी विका, नाहीतर मी परत बसणार नाही." माझं म्हणणं असं, की गाडीत घसरताना सावरणारा स्टॅबिलिटी कंट्रोल आहे, एअरबॅग आहेत, आपोआप लागणारा ब्रेक आहे. रस्त्याला चिकटून चालते, डुलत नाही, दोन टनांच्या वर वजन आहे. मग वेगात चालवायला भ्यायचं कशाला? आणि भ्यायचंच असेल तर नेमकं कशाला, ते सांगा. गाडी विकायची नाही.
– उजव्या पायाचा गुलाम'

गाडी विकू नका. वहिनींना मात्र आजच सांगा की त्यांचं बरोबर होतं.

१६८ हा बहुतेक ठिकाणी सरळ सरळ गुन्हा आहे, त्यावर मी वेगळं काही बोलत नाही. मला जास्त खटकलं ते तुमचं पुढचं वाक्य: 'मला वाटत होतं, फार तर ११०.' अठ्ठावन्न किलोमीटरची चूक! तुमच्या जुन्या गाडीत एवढी चूक करायची तर कानात बोळे घालून बसावं लागलं असतं.

बारा वर्षं तुम्ही वेग कानांनी मोजत होता. इंजिनाचा सूर चढायचा, गिअर बदलावा लागायचा, १२० च्या पुढे दारं कुरकुरायची, स्टिअरिंग हातात थरथरायचं. बास आता, असं गाडीच सांगायची. नव्या गाडीत गिअर नाही, सूर नाही, थरथर नाही. बॅटरी जमिनीलगत अंथरलेली, तिचंच वजन चार-सहाशे किलो, त्यामुळे गुरुत्वमध्य खाली आणि वळणावर गाडी झुकत नाही. ते झुकणंसुद्धा एक निरोप होता. तुम्ही 'रस्त्याला चिकटून चालते' म्हणता, त्याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो की पकड संपत आल्याचं तुम्हाला कळत नाहीये.

त्यात भर पिकअपची. इलेक्ट्रिक मोटर पहिल्या फेरीपासून पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, देते. पेट्रोल गाडीत पाय दाबला की गिअर खाली येणार, इंजिन फेऱ्या घेणार, मग गाडी उचलणार. त्या अर्ध्या-पाऊण सेकंदात माणसाचा विचार बदलू शकायचा. तुमच्या गाडीत विचार पुरा व्हायच्या आधीच तो अमलात येतो. ८० ने चाललेल्या ट्रकमागून बाहेर पडून तुम्ही पाय दाबलात, ट्रक मागे पडेपर्यंत पाय तसाच ठेवलात आणि १६८ झाले. यात वेडेपणा काही नव्हता. जुनी सवय नव्या गाडीत नेलीत, एवढंच.

आता हिशेब. रस्ता कोरडा, टायर चांगले, ब्रेक करकचून दाबलेला. अशा वेळी गाडीचा वेग दर सेकंदाला साधारण ८ मीटर प्रतिसेकंद इतका कमी होतो असं धरू. अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद. ११० च्या वेगाला या दीड सेकंदात ४६ मीटर जातात आणि ब्रेक लागल्यावर आणखी ५८. म्हणजे १०४ मीटरमध्ये गाडी उभी. १६८ ला पहिल्या दीड सेकंदातच ७० मीटर, मग आणखी १३६, एकूण २०६ मीटर. त्या रविवारी तुमचं डोकं शंभर मीटरचा हिशेब करून बसलं होतं आणि गाडीला दोनशे लागणार होते. याहून वाईट भाग पुढे आहे. ११० ची गाडी जिथे पूर्ण थांबली असती, बरोबर त्या जागी तुमची गाडी ब्रेक दाबलेला असूनही १४५ ने जात असती. हा आकडा कागदावर स्वतः मांडून बघा. मी पहिल्यांदा मांडला तेव्हा मला वाटलं होतं बेरीज चुकली.

वेग दीडपट झाला की अंगातली ऊर्जा सव्वादोनपट होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. २,२०० किलोंची गाडी १६८ वरून थांबवताना ब्रेकमध्ये जी उष्णता तयार होते तिने सात लिटर गार पाणी उकळेल, तेही सहा सेकंदांत. वजन जास्त म्हणून गाडी सुरक्षित, हा तुमचा मुद्दा इथे उलटतो. कोरड्या रस्त्यावर एकदा थांबायला जड गाडीला फार जास्त अंतर लागत नाही, कारण वजनाबरोबर टायरवरचा दाबही वाढतो. पण ब्रेकना सगळी उष्णता पोटात घ्यावी लागते. घाटाच्या उतारावर तीन-चार वेळा असं केलंत की ब्रेक मऊ पडू लागतात. टेस्लाने मॉडेल एस प्लेड ही हजारावर हॉर्सपॉवरची गाडी आणली, तिची ताशी ३२२ किलोमीटरची पूर्ण धाव मात्र खूप उष्णता सोसणारे कार्बन-सिरॅमिक ब्रेक आणि त्या वेगाचे टायर बसवल्यावरच खुली होते. बनवणाऱ्यालाही पळवण्याआधी थांबवण्याची सोय करावी लागली.

ब्रेकचा विषय निघालाच आहे तर इलेक्ट्रिक गाडीतली एक खास फसगत सांगतो. ती फारसं कुणी सांगत नाही. गावात तुम्ही बहुधा एकाच पेडलवर गाडी चालवत असाल. पाय उचलला की मोटर उलटी वीज बनवते आणि गाडी थांबायला येते. दीड महिन्यात तुमच्या पायाने शिकून घेतलंय की उचलणं म्हणजे थांबणं. पण मोटर जी वीज परत घेते तिला किलोवॅटची मर्यादा असते, आणि तेवढ्याच किलोवॅटमध्ये वेग जितका जास्त तितका ओढा कमी. समजा, मर्यादा ७० किलोवॅटची आहे. ४० च्या वेगाला पाय उचलल्यावर मोटर जितक्या जोराने मागे खेचते त्याच्या साडेतीन पट कमी जोराने ती १४० ला खेचेल. वाऱ्याचा विरोध थोडी भर घालतो, पण फरक तरीही मोठाच राहतो. बॅटरी पूर्ण भरलेली असेल किंवा गारठलेली असेल तर परत घ्यायला जागाच नसते आणि ओढा जवळपास नाहीसा होतो. घरून शंभर टक्के चार्ज करून निघालात की पहिले काही किलोमीटर तुमची गाडी वेगळीच वागते, हे तुमच्या लक्षात आलं असेल. म्हणून महामार्गावर पाय उचलून वाट बघत बसू नका, पाय ब्रेकवर न्या.

दुसरी बाजूही आहे. वळणाच्या मधोमध घाबरून पाय झटकन उचललात तर मोटरचा तो ओढा बहुतेक मागच्या चाकांवर येतो (तुमच्या गाडीची मुख्य मोटर मागे असेल तर), आणि वळताना मागच्या चाकांना ब्रेक लावण्यासारखंच होतं. ओल्या रस्त्यावर मागचा भाग सुटायला एवढं पुरतं. वेग वळणाआधी, गाडी सरळ असताना उतरवायचा. वळणात पाय एकसारखा ठेवायचा. पाऊस असेल तर रिजेन, म्हणजे पाय उचलल्यावर वीज परत घेणारा हा ओढा, सगळ्यात कमी पातळीवर.

आणि ब्रेक वापरले जात नाहीत म्हणून ते चांगले राहतात असं समजू नका. डिस्कवर गंज धरतो, पॅड कडक पडतात. आठवड्यातून एकदा मागे कुणी नाही हे आरशात बघून साध्या वेगातून चांगला जोरात ब्रेक लावा. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, पॅड नवेकोरे दिसत असले तरी. ते हवेतली ओल शोषत राहतं. डॉट ४ चं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल शिरल्यावर हीच हमी १५५ वर येते. ऑइल उकळलं की पेडल जमिनीपर्यंत जातं आणि गाडी थांबत नाही.

आता तुमचा स्टॅबिलिटी कंट्रोल. चांगली चीज आहे, कधीही बंद करू नका. इलेक्ट्रिक गाडीत तो जास्त चपळही असतो, कारण मोटरचा जोर काही मिलिसेकंदांत कापता येतो. पण तो पकड निर्माण करत नाही, आहे ती वाटून देतो. तीन सेकंदांत शून्यावरून शंभर गाठणारी गाडी सरासरी ०.९४ जी इतका जोर टायरवर टाकते (१ जी म्हणजे गाडीच्या स्वतःच्या वजनाइतका जोर). कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरची सगळी पकड साधारण १ जी. म्हणजे पाय पूर्ण दाबलेला असताना खिशात जवळपास काही उरत नाही, आणि त्याच वेळी स्टिअरिंग वळवायला पकड मागितली तर ती कुठून यायची? ओल्या रस्त्यावर खिशात मुळात अर्धे-पाऊणच पैसे असतात. म्हणून ओव्हरटेक करताना आधी लेन बदला, गाडी सरळ करा, मग जोर द्या. दोन्ही एकदम नको.

आपोआप लागणाऱ्या ब्रेकबद्दल थोडक्यात. मोटारींमधल्या या यंत्रणेसाठी संयुक्त राष्ट्रांचा १५२ क्रमांकाचा नियम आहे. पुढच्या गाडीला धडकण्यापासून वाचवणारा हा ब्रेक किमान १० ते ६० किलोमीटर वेगात काम करायला हवा असं तो म्हणतो. त्यापुढे तुमची गाडी किती मदत करेल ते तिच्या पुस्तिकेत लिहिलेलं आहे. वाचली आहे का? मला तरी नाही वाटत.

टायरकडे या. एवढं सगळं रस्त्याला टेकतं ते तळहाताएवढ्या चार तुकड्यांवर. टायरच्या बाजूवर मापाच्या शेवटी '१०३ वाय' असं काहीतरी छापलेलं असतं. १०३ म्हणजे एका टायरने ८७५ किलो पेलणं, वाय म्हणजे ३०० किलोमीटरपर्यंतचा वेग. एच असेल तर २१०, टी असेल तर १९०. जड इलेक्ट्रिक गाड्यांसाठी आता मापाआधी एचएल ही अक्षरं असलेले जास्त भाराचे टायरही येतात. तुमच्या गाडीला मुळात तेच असतील तर बदलताना दुकानदाराने 'हेच माप आहे साहेब' म्हणून साधे गळ्यात मारू नयेत, याकडे लक्ष ठेवा. त्याच बाजूला चार आकडी तारीख असते, २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. हवा गार टायरमध्ये मोजा, दारावरच्या चिठ्ठीप्रमाणे, आणि चिठ्ठीवर भरल्या गाडीचा किंवा जास्त वेगाचा वेगळा आकडा असेल तर तो घ्या. कमी हवेचा टायर वेगात गेला की रस्त्यावरून सुटलेला भाग पुन्हा गोल व्हायच्या आत परत दाबला जातो, रबरात लाटा उठतात, टायर तापत जातो आणि फुटतो. दोन टनांच्या गाडीत हे लवकर होतं.

'गाडी जड आहे, पाण्यावर तरंगणार नाही' असं मला एकाने छातीठोकपणे सांगितलं होतं, म्हणून हेही लिहितो. १९६० च्या दशकात नासाने विमानांच्या टायरवर प्रयोग करून एक ढोबळ सूत्र काढलं. त्यात वजन येतच नाही, येतो तो टायरमधला दाब. ३६ पीएसआय दाबाला उत्तर येतं सुमारे १०० किलोमीटर. झिजलेला टायर आणि साचलेलं पाणी असेल तर त्या वेगाला टायर रस्ता सोडून पाण्यावर चढतो. खाचा खोल असतील तर पाणी बाहेर पडतं आणि थोडी सवलत मिळते. पावसात क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप धरून ठेवणारी सोय) बंद, वेग ऐंशीच्या आत, आणि स्टिअरिंग अचानक हलकं लागलं तर ब्रेकही नको, वळवणंही नको, पाय हळूच सैल करायचा.

इथपर्यंत सगळं तुमच्या गाडीबद्दल झालं. रस्त्यावर तो ट्रकवालाही होता. ८० ने जाणाऱ्या माणसाने आरशात बघितलं, तुमची गाडी दोनशे मीटर मागे. ती ११० ने येत असेल तर त्याच्यापाशी पोचायला २४ सेकंद लागतील, हा त्याचा आयुष्यभराचा अंदाज. त्यावर विसंबून तो आरामात लेन बदलतो. तुम्ही आठ सेकंदांत पोचता, आणि त्याला तुमच्या इंजिनाचा आवाजही आलेला नसतो. त्याची चूक होती असं नंतर म्हणता येईल, पण आरशात वेग दिसत नाही, फक्त गाडी दिसते. रात्री तर तुम्हीच आंधळे असता. लो बीमचा प्रकाश ६०-७० मीटर, आणि आत्ताच पाहिलं की ११० लाच थांबायला शंभराच्या वर मीटर लागतात.

मग करायचं काय? पुढचे दोन महिने गाडी सगळ्यात सौम्य मोडमध्ये ठेवा. यात कमीपणा मानू नका. २०२५ च्या नोव्हेंबरात चीनच्या सार्वजनिक सुरक्षा मंत्रालयाने एक मसुदा मांडला: प्रत्येक वेळी गाडी सुरू केली की तिला शून्य ते शंभरला किमान पाच सेकंद लागावेत, त्याहून जास्त जोर हवा असेल तर चालकाने तो स्वतः निवडावा. इलेक्ट्रिक गाड्यांची सगळ्यात मोठी बाजारपेठ जिथे आहे तिथल्या लोकांना हे सुचलं, त्याला काही कारण असेल. वेगाची सूचना देणारी घंटी असते, ती मर्यादेवर लावून ठेवा. समोरच्या काचेवर आकडा दिसायची सोय असेल तर चालू करा. कानांचं काम आता डोळ्यांना करायचं आहे. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर पुस्तकात असतं, तुम्ही तीन ठेवा.

मग एखाद्या रिकाम्या, बंद आवारात जा आणि पूर्ण ब्रेक लावायचा सराव करा. पन्नास-साठच्या वेगातून. पेडल लाथ मारल्यासारखं दाबायचं आणि एबीएसने पायाखाली धडधड केली तरी गाडी थांबेपर्यंत सोडायचं नाही. सोपं वाटतं, पण मी शेजारी बसून पाहिलेल्या बहुतेकांनी पहिल्यांदा अर्धाच ब्रेक लावला. मर्सिडीजने १९९६ मध्ये ब्रेक असिस्ट, म्हणजे घाईत दाबलेला ब्रेक आपणहून पूर्ण लावणारी यंत्रणा, आणलं तेही याच माणसांसाठी. बसण्याची जागाही तेव्हाच तपासा: ब्रेक तळापर्यंत दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. आणि पायाशी पाण्याची बाटली नको. ती घरंगळत ब्रेकखाली कधी जाते ते कळत नाही.

सहाशे घोडे मोकळे सोडायची हौस असेल, आणि असणारच, तर ट्रॅकवर जा. जर्मनीच्या ऑटोबानचं उदाहरण मला देऊ नका. तिथे काही भागांत मर्यादा नाही हे खरं, पण शिफारस १३० चीच आहे आणि त्याहून वेगात असताना अपघात झाला तर चूक दुसऱ्याची असली तरी भरपाईचा काही वाटा तुमच्या अंगावर येऊ शकतो. ट्रॅकवर जाताना बॅटरी काठोकाठ भरू नका, रिजेनला जागा ठेवा. काही फेऱ्यांनंतर बॅटरी तापून गाडी आपणहून जोर कमी करेल, तेव्हा तिचं ऐका. शेवटची फेरी हळू मारून ब्रेक गार करा आणि थांबल्यावर पार्किंग ब्रेक लगेच लावू नका. सोबत शिकवणारा माणूस घ्या, यूट्यूबवरचा नव्हे.

वहिनींचं राहिलं. दारं विजेवर उघडत असतील तर वीज गेल्यावर ती हाताने उघडायची खटकी कुठे आहे ते त्यांना दाखवा, मागच्या दारांचीसुद्धा. मागची खटकी कित्येकदा खणात किंवा चटईखाली लपवलेली असते आणि मालकालाही माहीत नसते. आणि पुढच्या रविवारी किल्ली त्यांच्या हातात द्या. त्याच रस्त्यावर, मर्यादेत. तुम्ही शेजारच्या सीटवर बसा आणि येईपर्यंत तुमचा उजवा पाय किती वेळा नसलेला ब्रेक दाबतो, तेवढं मोजून मला कळवा.